‘पाहून सांगतो’ म्हणण्याचे बळ : विस्तारकार्यातील तोतयेपणाची भावना

कृषिविस्ताराच्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तीच्या ज्ञानाची परीक्षा दररोज आणि चारचौघांत होत असते. प्रयोगशाळेतील संशोधकाला एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हंगामभराचा, प्रसंगी काही वर्षांचा अवधी मिळतो. विस्तार कार्यकर्त्याला मात्र बांधावर उभे राहून, दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या समक्ष, हातात दिलेल्या एका पिवळ्या पानावरून निदान सांगावे लागते. अशा वेळी अनेकांच्या मनात एकच विचार घर करून असतो : ‘आपल्याला यातले खरे तर फारसे कळत नाही. पदवी आणि नोकरी योगायोगाने मिळाली. आज ना उद्या हे लोकांच्या लक्षात येणार.’ पात्रता, अनुभव आणि चांगले काम पदरी असतानाही टिकून राहणाऱ्या या भावनेला मानसशास्त्रात ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ या नावाने ओळखतात. मराठीत तिला ‘तोतयेपणाची भावना’ म्हणता येईल.

ही भावना त्या व्यक्तीपुरती राहिली असती, तर तिची चर्चा शेतीविषयक वार्तापत्रात करण्याचे कारण नव्हते. परंतु विस्तारकार्यात तिचा परिणाम शेतावर होतो. अज्ञान उघडे पडण्याच्या भीतीने दिलेला घाईचा सल्ला शेतकऱ्याचा पैसा, पीक आणि कधी कधी आरोग्यही पणाला लावतो.

संकल्पनेचा उगम

पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या भावनेवरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. शैक्षणिक आणि व्यावसायिक यश मिळवलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांबरोबर केलेल्या कामाचा आधार त्याला होता. या स्त्रियांकडे पदव्या होत्या, सहकाऱ्यांची मान्यता होती. तरीही आपण इतरांची दिशाभूल करून या जागी पोहोचलो आहोत, असे त्यांना आतून वाटत असे. पुढील अभ्यासांतून ही भावना पुरुषांमध्येही आढळते, हे स्पष्ट झाले. १९८५ साली क्लान्स यांनी ती मोजण्यासाठी वीस प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. मूळ निबंधात ‘सिंड्रोम’ हा शब्द नसून ‘घटना’ या अर्थाचा शब्द आहे, कारण हा मानसिक आजार नव्हे. तो अनुभवाचा एक प्रकार आहे.

या अनुभवाचे एक ठरावीक चक्र असते. नवे काम समोर आले की चिंता निर्माण होते. तिच्यापोटी माणूस गरजेपेक्षा अधिक तयारी करतो, किंवा काम शेवटच्या घटकेपर्यंत पुढे ढकलतो. काम यशस्वी झाले तर भरपूर तयारी करणारा म्हणतो, ‘एवढी मेहनत केली म्हणून जमले, हुशारी नव्हती’. शेवटच्या क्षणी करणारा म्हणतो, ‘नशिबाने निभावले’. दोन्ही परिस्थितींत यशाचे श्रेय स्वतःच्या खात्यावर जमा होत नाही आणि पुढच्या कामाला तीच चिंता नव्याने सुरू होते. म्हणूनच केवळ यश मिळत गेल्याने ही भावना नाहीशी होत नाही.

मराठी वाचकाला ‘तोतया’ हा शब्द पानिपतच्या इतिहासातून परिचित आहे. १७६१ च्या युद्धानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेल्या, आपण भाऊच असल्याचे सांगणाऱ्या तोतयाला १७७६ मध्ये देहदंड झाला. खरा तोतया असा निःशंक असतो. उलट ज्याला आपण तोतये असल्याची शंका सतत छळते, तो बहुधा आपल्या कामाची कसोटी गांभीर्याने घेणारा असतो. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, ज्यांची कामगिरी सर्वांत कमी होती त्यांनीच स्वतःचे मूल्यमापन सर्वाधिक फुगवून केल्याचे दिसले. तेव्हा शंका असणे हा अपात्रतेचा पुरावा नव्हे. त्या शंकेचे पुढे काय केले जाते, यावर सारे अवलंबून आहे.

सिहोऱ्याचा बांध

मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा हे तहसिलीचे ठिकाण जबलपूर-कटनी मार्गावर, जबलपूरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. खरिपात भात, रब्बीत गहू, हरभरा आणि वाटाणा ही या परिसरातील नेहमीची पिके. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत जबलपूर जिल्ह्यासाठी वाटाण्याचीच निवड झालेली आहे.

कृषिज्ञानाच्या दृष्टीने हा परिसर संपन्न आहे. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय जबलपूरमध्ये आहे. १९८९ मध्ये राष्ट्रीय तण विज्ञान संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेले आजचे तण संशोधन निदेशालय तेथेच आहे. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील कृषी विज्ञान केंद्रांचा समन्वय पाहणारी ‘अटारी’ संस्थाही त्याच शहरात आहे. एवढे तज्ज्ञ तासाभराच्या अंतरावर असल्याचा लाभ मोठा आहे. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. सिहोऱ्याच्या बांधावर उभ्या असलेल्या ग्रामीण कृषी विस्तार अधिकाऱ्याची तुलना, त्याच्या स्वतःच्या मनात, सतत त्या तज्ज्ञांशी होत राहते. भातकीटकांचा अभ्यासक, तणांचा अभ्यासक, मृदाशास्त्रज्ञ आणि रोगशास्त्रज्ञ या प्रत्येकाने एकेका विषयाला आयुष्य दिलेले असते. विस्तार अधिकाऱ्याकडून मात्र या सर्वांची उत्तरे एकाच दिवशी अपेक्षित असतात. प्रत्येक विषयात आपण त्या-त्या तज्ज्ञापेक्षा उणे आहोत, हे त्याला दिसते. सर्व विषय एकत्र आणून शेतकऱ्याच्या एका एकराशी जोडण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे, हे दिसत नाही.

मराठी माध्यमातून शिकलेली व्यक्ती अशा भागात काम करू लागली, तर भाषेचाही अडथळा येतो. मराठीतील अळी तेथे ‘इल्ली’, खोडकिडा ‘तना छेदक’, गादमाशी ‘गंगई’. मोहरीवरील माव्याला ‘माहू’ म्हणतात आणि भातावरील तपकिरी तुडतुड्यालाही ‘भूरा माहो’. ‘माहू लागला आहे’ या वाक्यावरून मावा समजावा की तुडतुडा, हे पीक पाहिल्याविना ठरत नाही. अशा ठिकाणी गोंधळ होणे स्वाभाविक आहे. तो बोलीचा प्रश्न असतो, बुद्धीचा नव्हे. परंतु तोतयेपणाच्या भावनेने ग्रासलेला माणूस त्याची नोंद आपल्या अज्ञानाच्या यादीत करतो.

कृषी सखींची स्थिती याहून नाजूक आहे. १८ जून २०२४ रोजी वाराणसी येथील कार्यक्रमात ३०,००० हून अधिक कृषी सखींना प्रमाणपत्रे देण्यात आली. पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही आहेत. या स्त्रिया त्याच गावच्या आणि स्वतः शेती करणाऱ्या असतात. गावसभेत प्रश्न त्यांना न विचारता शेजारी बसलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला विचारला गेला, की प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीलाही आपली जागा उसनी वाटू लागते. काही अभ्यासकांचा या संकल्पनेवर आक्षेप आहे तो येथेच : माणसाला परके वाटायला लावणारी वागणूक भोवतालची असते आणि दोष मात्र त्याच्या आत्मविश्वासाला दिला जातो. हा आक्षेप रास्त आहे आणि उपायांचा विचार करताना तो विसरता कामा नये.

भीतीतून निघणारी शिफारस

शेतकऱ्याने प्रश्न विचारला आणि कार्यकर्त्याला उत्तर नक्की ठाऊक नसले, तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. ‘पाहून सांगतो’ म्हणणे, किंवा काहीतरी सांगून मोकळे होणे. अज्ञान उघडे पडण्याची भीती दुसऱ्या मार्गाकडे ढकलते, आणि त्या मार्गावर सर्वांत सोपे उत्तर असते फवारणीचे. कीटकनाशकाचे नाव सांगितले की प्रश्न मिटतो, सांगणारा जाणकार ठरतो आणि शेतकऱ्यालाही काहीतरी केल्याचे समाधान मिळते. निदानाबद्दल खात्री नसेल, तर एकाऐवजी दोन औषधे एकत्र करून सांगितली जातात.

याची किंमत भाताच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. सप्टेंबर अखेरीस भाताचे पीक पिवळे पडू लागले, तर त्याची कारणे अनेक असू शकतात. नत्राची कमतरता असेल तर जुनी, खालची पाने आधी आणि सर्वत्र सारखी फिकट होतात. जिवाणूजन्य करपा पानाच्या टोकाकडून आणि कडांनी नागमोडी रेषेत खाली उतरतो. अशा पानाचा ताजा कापलेला तुकडा स्वच्छ पाण्यात धरल्यास दुधाळ स्राव बाहेर येतो. तपकिरी तुडतुड्यांच्या प्रादुर्भावात शेतात करपल्यासारखे गोल चट्टे पडतात, आणि कीड पानांवर नव्हे तर चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत असते. चूड वाकवून थोपटले की तुडतुडे पाण्यावर पडलेले दिसतात. या तीन परिस्थितींचे उपाय परस्परांहून भिन्न आहेत. तुडतुड्यांनी ग्रासलेल्या शेताला नत्र कमी पडल्याचे समजून युरिया दिला, तर किडीला पोषकच वातावरण मिळते.

पुढचा धोका याहून मोठा आहे. भाताच्या चुडांमध्ये कोळी असतात, तसेच हिरवट रंगाचा एक लहान मिरिड ढेकूण असतो. तो तुडतुड्यांची अंडी आणि लहान पिल्ले खातो. वरवर पाहणाऱ्याला तो हिरव्या तुडतुड्यासारखी एखादी कीडच वाटतो. ‘कीड दिसते आहे’ एवढ्यावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारले, तर हे मित्रकीटक मरतात. तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणाच्या आत सुरक्षित राहतात. ती उबल्यावर पिल्लांना खाणारे शेतात कोणी उरत नाही आणि काही आठवड्यांत प्रादुर्भाव पूर्वीपेक्षा वाढतो. कीटकशास्त्रात याला किडीचा पुनरुद्रेक म्हणतात.

माणसाच्या जिवाची किंमतही आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घटनेमागे अनेक कारणे होती. शिफारस नसलेली मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव यांची चर्चा त्या वेळी सर्वत्र झाली. ‘नक्की ठाऊक नाही, पण हे मारून पाहा’ या पद्धतीचा सल्ला किती महाग पडू शकतो, याची ती आठवण आहे.

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर

तपकिरी तुडतुड्याच्या पुनरुद्रेकाचा मोठा फटका इंडोनेशियाने सोसला. तेथील सरकारने १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून गावोगावी शेतीशाळा सुरू झाल्या. महाराष्ट्रात आज घेतल्या जाणाऱ्या शेतीशाळांचा मूळ धागा तेथपर्यंत जातो.

त्या शेतीशाळांत प्रशिक्षकासाठी एक शिस्त होती. शेतकऱ्याने कीटक हातात देऊन ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर लगेच नाव सांगायचे नाही. उलट विचारायचे : हा कोठे सापडला? पानावर की बुंध्याशी? काय करीत होता? असे किती दिसले? याच्याजवळ दुसरे कोणते कीटक होते? नंतर तो कीटक आणि भाताचे रोप जाळीखाली ठेवून तो काय खातो हे सर्वांनी मिळून पाहायचे. नाव कळण्याआधी कीटकाचे काम कळते आणि फवारणीचा निर्णय त्या कामावरून करता येतो.

या पद्धतीचा उद्देश शेतकऱ्याला निरीक्षक बनवण्याचा होता. परंतु तिने कार्यकर्त्याच्या मनावरचे ओझेही हलके केले. सर्व उत्तरे तोंडपाठ असणे ही त्याची पात्रता राहिली नाही. योग्य प्रश्न विचारणे आणि शेतात पाहण्याची रीत ठाऊक असणे ही पात्रता ठरली. पाठांतरात कमी पडण्याची भीती कायम राहते, कारण पाठ करण्यासारखे संपतच नाही. पद्धतीचे तसे नाही. ती एकदा अंगवळणी पडली की नव्या प्रश्नापुढेही उपयोगी पडते.

२०१८ साली याचा प्रत्यय साऱ्या देशाला आला. त्या वर्षी मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली, आणि पुढील वर्षभरात ती महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशासह बहुतेक मका पिकवणाऱ्या राज्यांत पोहोचली. भारतात यापूर्वी न आढळलेल्या या किडीपुढे प्राध्यापक, अधिकारी आणि शेतकरी सारेच नवशिके होते. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडील शरीरखंडावर चौकोनात मांडलेले चार ठळक ठिपके ही ओळख सर्वांनी त्याच हंगामात शिकून घेतली. ज्यांनी पोंग्यात डोकावून अळी बाहेर काढली, नमुना पाठवला आणि उत्तराची वाट पाहिली, त्यांच्यामुळेच तिचा प्रसार वेळीच नोंदवला गेला.

शास्त्राची स्वतःची रीत

‘ठाऊक नाही’ हे नोंदवण्याची सोय कीटकशास्त्राने स्वतःच करून ठेवली आहे. कीटकाच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. नमुन्याची प्रजाती ओळखता आली पण जाती ठरली नाही, तर वर्गीकरणतज्ज्ञ प्रजातीचे नाव लिहून पुढे ‘जाती अनिश्चित’ अशा अर्थाची संक्षिप्त खूण करतो. जगभरच्या कीटकसंग्रहांत अशा चिठ्ठ्या लावलेले असंख्य नमुने आहेत. त्या चिठ्ठीने कोणाची अप्रतिष्ठा होत नाही. उलट अंदाजाने लिहिलेले चुकीचे नाव पुढील प्रत्येक अभ्यासाला चुकीच्या दिशेने नेते. जे प्रयोगशाळेत प्रामाणिकपणाचे लक्षण मानले जाते, ते बांधावर कमीपणाचे मानण्याचे कारण नाही.

किसान कॉल सेंटरची रचनाही याच तत्त्वावर आहे. २००४ पासून सुरू असलेल्या या सेवेत पहिल्या पातळीवरील सल्लागाराला उत्तर देता आले नाही, तर प्रश्न वरच्या पातळीवरील तज्ज्ञाकडे सोपवला जातो. प्रश्न पुढे पाठवणे हे तेथे अपयश धरले जात नाही, तो कामाचाच एक टप्पा आहे.

रोजच्या कामासाठी काही सवयी

‘पाहून सांगतो’ हे वाक्य टाळाटाळीचे वाटू नये, यासाठी त्याच्यामागे कृती असावी लागते. पुढील सवयी त्यासाठी उपयुक्त ठरतील.

१. उत्तरासोबत मुदत द्यावी. ‘नमुना आज नेतो, परवा सायंकाळपर्यंत कळवतो’ असे सांगावे आणि ते पाळावे. उत्तर अद्याप मिळाले नसेल तरी तेवढे कळवावे. शेतकऱ्याचा विश्वास तत्काळ उत्तरापेक्षा पाळलेल्या शब्दावर अधिक बसतो.

२. नमुना नीट घ्यावा. अळ्या ७० टक्के अल्कोहोल असलेल्या लहान बाटलीत ठेवाव्यात. पीक, वाण, गाव, दिनांक आणि झाडाचा भाग यांची चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. शक्य असल्यास एक-दोन अळ्या खाद्यासह हवेशीर डब्यात जिवंत ठेवाव्यात. प्रौढ कीटक बाहेर पडल्यावर ओळख सोपी होते. रोगट पाने प्लास्टिकऐवजी कागदात गुंडाळावीत.

३. छायाचित्रे तीन घ्यावीत : संपूर्ण शेत, संपूर्ण झाड आणि नुकसानीचा भाग जवळून. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे ठेवावे.

४. ठाऊक असलेले आणि नसलेले वेगळे करून सांगावे. ‘हा खोडकिडा नाही हे नक्की. तुडतुडे आहेत, पण फवारणीच्या पातळीला पोहोचले का, हे वीस चुडे मोजून ठरवू’ हे अर्धवट उत्तर नसून अचूक उत्तर आहे. निदान होईपर्यंत काय करू नये, एवढे तरी त्याच वेळी सांगता येते.

५. औषधाचे नाव सांगण्यापूर्वी त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी लेबल क्लेम आहे का, हे पाहावे. माहितीपुस्तिका उघडून शेतकऱ्यासमोर वाचण्यात संकोच नसावा.

६. निदानवही ठेवावी. प्रथम काय वाटले, अंती काय निघाले आणि शेतात काय परिणाम झाला, असे तीन रकाने पुरेत. तोतयेपणाची भावना चुका लक्षात ठेवते आणि बरोबर आलेली निदाने विसरते. वही दोन्ही सारख्याच ठेवते. दोन हंगामांनंतर आपण कोठे भक्कम आहोत आणि कोठे प्रशिक्षण हवे, हे अंदाजाऐवजी नोंदीवरून कळते.

कार्यालयाची जबाबदारी

या भावनेचा संपूर्ण भार व्यक्तीवर टाकणे योग्य नाही. मासिक बैठकीत केवळ लक्ष्यपूर्तीचे आकडे विचारले जात असतील, तर अडलेला प्रश्न कोणी मांडणार नाही. अशा बैठकीत दहा मिनिटे ‘न ओळखलेल्या नमुन्यां’साठी राखून ठेवावीत आणि पहिला नमुना वरिष्ठाने स्वतःचा आणावा. इतक्या वर्षांच्या अनुभवी व्यक्तीलाही शंका पडते हे नवोदिताने एकदा पाहिले, की त्याला एकटेपणा वाटत नाही. प्रत्येकजण गप्प असल्यामुळेच ‘मलाच येत नाही’ असा समज पसरलेला असतो. संशोधन संस्थांनीही आलेल्या नमुन्याला वेळेत उत्तर द्यावे. उत्तर आले नाही, तर पुढच्या वेळी बांधावरचा माणूस नमुना पाठवण्याऐवजी अंदाज सांगणे पसंत करील. कृषी सखीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिलाच देऊ द्यावे, शेजारच्या कर्मचाऱ्याने ते परस्पर देऊ नये.

भीती इतकी वाढली की झोप उडाली, शेतावर जाणेच टाळले जाऊ लागले किंवा उदासीनता आठवडेच्या आठवडे राहिली, तर तो केवळ आत्मविश्वासाचा प्रश्न उरत नाही आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

प्रगतिशील शेतकऱ्यांचाही यात वाटा आहे. लगेच औषधाचे नाव सांगणारा हुशार आणि नमुना मागणारा कच्चा, ही कसोटी त्यांनी सोडून द्यावी. चूड वाकवून, मोजून, प्रसंगी दोन दिवस मागून दिलेला सल्ला बहुतेक वेळा एक फवारणी वाचवतो. असा सल्ला देणारा कार्यकर्ता पुढच्या वेळीही निःसंकोचपणे ‘पाहून सांगतो’ म्हणू शकेल, ते शेतकऱ्याने त्याला पहिल्या वेळी कसे ऐकून घेतले यावरच ठरते.